रंग उडालेला वाघ

वाघ केशरी असतो. हे छापून सांगायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. पण नागपूर-पुण्यातली वन्यजीव छायाचित्रांची प्रदर्शनं आणि मोबाईलवर सरकत जाणारी चित्रं पाहून एखाद्या पोराने 'वाघ हा करड्या रंगाचा प्राणी आहे' असं उत्तरपत्रिकेत लिहिलं, तर त्याचे मार्क कापायची माझी हिंमत होणार नाही. चौकट भरून चेहरा. मागे मिट्ट काळोख. मिशीचा केस न् केस सुटा. डोळ्यांत एकेक पांढरा ठिपका. खाली शीर्षक: 'द गेझ', 'मोनार्क', 'सोल ऑफ द वाइल्ड'. छायाचित्रकार वर्ध्याचा, वाघ चंद्रपूरचा, शीर्षक तेवढं लंडनहून मागवलेलं.

काळ्या-पांढऱ्या छायाचित्राशी माझं वैर नाही. माझं भांडण आहे ते रंगीत काढून घरी आल्यावर काळ्या-पांढऱ्या केलेल्या, प्राण्याच्या थोबाडापुरत्या पोर्ट्रेटशी. क्लोज-अपने जंगल आधीच हाकललेलं असतं. झाड नाही, पाणी नाही, वाट नाही. स्थळकाळाचा उरलेला एकच साक्षीदार म्हणजे रंग. मे महिन्यात सागाच्या वाळक्या पाचोळ्यावरून उसळणारा तपकिरी उजेड, पावसानंतर हनुवटीखालच्या पांढऱ्या केसांवर पडणारी हिरवी झाक, गालाला लागलेला तांबडा चिखल, नाकावरची ओली जखम. हा साक्षीदारही फितवला, की उरतो तो कुठलाच नसलेला वाघ. आणि कुठलाच नसलेल्या वाघाला ही मंडळी 'कालातीत' म्हणतात.

हे घडतं कसं ते सांगतो, कारण प्रदर्शनाच्या उद्घाटनाच्या भाषणात ते कुणी सांगत नाही. ताडोबातली सकाळची सफारी, मे महिना, नऊ वाजून गेलेत. ऊन पांढरं पडलंय. पाणवठ्यात वाघीण मागच्या अंगाने उतरून बसली आहे. डोक्यावरच्या उन्हाने गालांचा पांढरा जळालाय, भुवयांखाली काळे खड्डे पडलेत, अंगावरचं केशर विटलंय. चित्र रंगीत पाहिलं तर कुणीही म्हणेल, भाऊ, टाकून दे हे. पण काही महिने आधी काढलेलं बुकिंग, दोन रात्रींचं रिसॉर्ट आणि मोटारीच्या किमतीची सहाशे मिलिमीटरची लेन्स यांच्यानंतर टाकवत नाही. मग संगणकावर लाइटरूम उघडतं.

कॅमेऱ्याच्या सेन्सरवर प्रत्येक बिंदूपुढे लाल, हिरवी किंवा निळी गाळणी असते. रॉ फाइलमध्ये रंगाची सगळी माहिती राहते. म्हणून काळं-पांढरं करताना एकेका रंगाचा उजळपणा स्वतंत्रपणे वर-खाली करता येतो. नारंगी आणि पिवळ्याचा स्लायडर वर सरकवला की वाघाचं अंग दुधाळ होतं आणि पट्टे उठतात. हिरव्याचा खाली ओढला की बांबू, गवत, शेवाळलेलं पाणी काळवंडतं. त्यातून जे जंगल चिवटपणे उरेल, ते मास्क लावून बुडवायचं. क्लॅरिटी आणि टेक्स्चर वाढवून मिशांना धार काढायची. जळालेला पांढरा आता 'हाय कॉन्ट्रास्ट' ठरतो, भुवयांखालचा खड्डा 'गूढ' ठरतो, आणि नऊ वाजताचं निकामी ऊन 'नाट्यमय प्रकाश' म्हणून भिंतीवर चढतं. चहा निवायच्या आत कलाकृती तयार.

ज्यांना काळ्या-पांढऱ्याची खरोखर ओढ आहे, त्यांच्यासाठी बाजारात सोय आहे. लायकाने २०१२ मध्ये रंगाची गाळणीच नसलेला मोनोक्रोम कॅमेरा आणला, पेंटॅक्सने २०२३ मध्ये तसाच डीएसएलआर काढला. असा कॅमेरा घेऊन जंगलात गेलं की निर्णय शटर दाबण्याआधी घ्यावा लागतो आणि मागे फिरता येत नाही. ताडोबाच्या मोहर्ली गेटवर असा कॅमेरा गळ्यात अडकवलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. रंग सगळ्यांना हवा असतो. फसला तर टाकून देता यावा म्हणून हवा असतो.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती 'आम्ही रंगाचा गोंगाट काढून प्राण्याच्या मूळ रूपाकडे जातो' या दाव्याची. वाघाचं केशरी अंग हा गोंगाट? त्या रंगावर त्या जनावराचं पोट चालतं. चितळ, सांबर यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी आपल्यासारख्या तीन प्रकारच्या नसतात, दोनच प्रकारच्या असतात. त्यांना केशरी आणि हिरवा जवळपास एकच दिसतात. सस्तन प्राण्याच्या अंगावर हिरवे केस येत नाहीत. मग वाघाने केलं काय, तर त्याला जमणारा असा रंग घेतला, जो त्याच्या शिकारीच्या डोळ्यांत जाऊन हिरवा होतो. ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये हेच गणिताने आणि संगणकाने तपासून दाखवलं. उलट झाडाच्या शेंड्यावर बसलेल्या वानराला आपल्यासारखेच तिन्ही रंग दिसतात. खाली चितळ निवांत चरत असताना वरून वानर खाकरतं, तेव्हा उंचीचा फायदा असतोच, पण डोळ्यांचाही असतो. ताडोबाचे गाइड ज्या 'कॉल'वर जिप्सी वळवतात, त्याच्या मुळाशी वाघाचा रंग आहे. तो रंग काढून तुम्ही कुठल्या मुळाकडे निघालात?

आता कुणी हुशार म्हणेल, म्हणजे काळा-पांढरा वाघ हाच चितळाला दिसणारा वाघ झाला की! उत्तम. मग प्रामाणिकपणे तसंच करा. नारंगी आणि हिरव्याला एकच उजळपणा द्या. काय होईल? वाघ गवतात मिसळून जाईल. पट्टे म्हणजे गवताच्या सावल्या होतील, चेहरा शोधावा लागेल, आणि पाहणाऱ्याच्या पोटात क्षणभर गोळा येईल, कारण तो चितळाच्या जागी उभा राहिलेला असेल. काळ्या-पांढऱ्यातलं वाघाचं खरं पोर्ट्रेट हे असतं. असं चित्र मी कुठल्याही प्रदर्शनात पाहिलेलं नाही. कारण उघड आहे. त्यात वाघ दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या वाघाला हॉटेलच्या लॉबीत गिऱ्हाईक नाही. म्हणून स्लायडर नेमके उलट्या दिशेने ओढले जातात. ज्या जनावराने लपण्यासाठी रंग कमावला, त्याला काळ्या पडद्यापुढे पांढरं करून उभं करायचं आणि वर म्हणायचं, मूळ रूप.

जुन्यांचे दाखले मला देऊ नका. बहुतेक जुन्यांनी ते केलं कारण पर्याय नव्हता, आणि पर्याय नसतानाही त्यांनी यांच्यापेक्षा जास्त जंगल दाखवलं. आरंभीच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. केशरी वस्तू त्यात काळपट उतरे, आणि छायाचित्रकार त्याच्याशी झगडत असे. वनखात्यातले एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी जंगलाच्या वाटांवर तार लावून रात्रीचे वाघ टिपले. वाघाचा पाय तारेला लागे, फ्लॅश उडे, वाघ आपलं चित्र आपणच काढून जाई. त्यांचं पुस्तक १९२७ मध्ये आलं. त्या चित्रांतला काळोख रात्रीचा आहे. त्यात वाट दिसते, गवत दिसतं, चालणारं अख्खं जनावर दिसतं. यांचा काळोख सकाळी नऊचा.

मद्रासचे एम. कृष्णन घ्या. निरनिराळे सुटे भाग जुळवून केलेल्या आपल्या कॅमेऱ्याला ते 'सुपर पॉन्डेरोसा' म्हणत. हत्तीवर बसून रानात हिंडत आणि काळ्या-पांढऱ्या फिल्मवर हत्ती, गवे टिपत. 'स्टेट्समन'मधलं निसर्गावरचं त्यांचं सदर १९५० पासून १९९६ पर्यंत, म्हणजे ते गेले त्या वर्षापर्यंत चाललं. आधी निसर्ग माहीत असलेला माणूस, मग कॅमेरा. आता क्रम उलटला आहे. कॅमेरा आहे, लेन्स आहे, प्रिसेट विकत घेतलेला आहे. समोर बसलेला पक्षी शिक्रा की मोरघार, हे मात्र गाइडला विचारावं लागतं.

आणि निक ब्रँट. हे नाव घेतल्याशिवाय आपल्याकडच्या कुठल्याही काळ्या-पांढऱ्यावाल्याची मुलाखत संपत नाही. ब्रँटने पूर्व आफ्रिकेत मध्यम आकाराच्या फिल्मवर, पेंटॅक्स ६७ कॅमेऱ्याने, लांब पल्ल्याच्या लेन्सशिवाय काम केलं. तशी लेन्स नाही म्हणजे जनावराच्या जवळ जाणं आलं, त्याने आपल्याला सहन करेपर्यंत थांबणं आलं. त्यामुळे त्याच्या हत्तीमागे अंबोसेलीचं आभाळ असतं, कोरडी पडलेली जमीन असते. चेहरा असला तरी देशासकट असतो. २००७ मध्ये त्याने पाणी पिणारा एक मोठा हत्ती टिपला. तो हत्ती २००९ मध्ये शिकाऱ्यांनी मारला. २०१० मध्ये ब्रँटने रिचर्ड बोनहॅम यांच्यासोबत बिग लाइफ फाउंडेशन उभं केलं, शिकार रोखायला रेंजर नेमले. २०१६ च्या 'इनहेरिट द डस्ट'मध्ये त्याने आपली प्राण्यांची चित्रं जनावराच्या आकाराएवढी छापून खाणींमध्ये, कारखान्यांपाशी, पुलांखाली नेऊन उभी केली, जिथे पूर्वी ही जनावरं फिरत. आणि आपल्या भक्तगणांच्या कानावर बहुधा न गेलेली गोष्ट ही, की २०१९ च्या 'धिस एम्प्टी वर्ल्ड'साठी तो रंगाकडे वळला. रात्रीचे कृत्रिम दिवे, बांधकामं, माणसांची गर्दी हा विषय होता, त्याला रंग हवा होता, म्हणून रंग. पुढच्या कामात पुन्हा काळं-पांढरं. विषय बघून ठरवणाऱ्या माणसाची तुम्ही फक्त करडी शाई उचललीत.

रंग आणि परिसर दोन्ही काढून टाकण्याचा आणखी एक फायदा आहे, तो कुणी बोलून दाखवत नाही. काहीच तपासता येत नाही. लंडनच्या 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेत २००९ चा सर्वोच्च किताब फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याच्या चित्राला मिळाला. २०१० च्या जानेवारीत तो काढून घेतला, कारण लांडगा बहुधा पाळीव, शिकवलेला होता. २०१७ मध्ये ब्राझीलमधल्या रात्रीच्या वारुळापाशी आलेलं मुंगीखाऊ जिंकलं. पुढच्या वर्षी तज्ज्ञांनी अंगावरच्या खुणा, केसांची ठेवण, उभं राहण्याची ढब जुळवून पाहिली आणि ते पेंढा भरलेलं असल्याचा निष्कर्ष निघाला. दोन्ही चित्रांत भोवतालासकट पूर्ण जनावर होतं म्हणून चोरी धरता आली. फ्रेम भरून मुंडकं, मागे काळा पडदा, अंगावर रंग नाही, अशा चित्राची काय तपासणी करणार? वाघाचे पट्टे राहतात हे खरं, आणि ज्यांच्याकडे नोंदवही आहे ते पट्ट्यांवरून वाघ ओळखतातही. पण तो ताडोबाच्या पाणवठ्यावर होता की कुठल्याशा प्राणिसंग्रहालयाच्या खंदकापलीकडे, हे ते चित्र शपथेवरही सांगणार नाही. अमेरिकेत पैसे भरून पाळीव कुगर आणि लांडगे बर्फात पळवून देणारी फार्म्स राजरोस चालतात. आपल्याकडे तेवढी वेळ आलेली नाही. पुराव्याची सवय मोडायला मात्र सुरुवात झालेली आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे निसर्ग विभागाचे नियमही बघा: एक काटकी पुसली तर चित्र बाद, सगळा रंग पुसला तर चालतं.

रंगवाल्यांनी एवढ्यात टाळ्या वाजवू नयेत. त्यांनी वाघाला जो भगवा चढवलाय, तो निवडणुकीच्या मिरवणुकीतही भडक वाटेल. सावल्या निळ्या, अंग नारिंगी, मागचं गवत प्लास्टिकचं. आणि सगळं काळं-पांढरं करून फक्त डोळे पिवळे ठेवणारे जे महाभाग आहेत, त्यांच्याविषयी लिहायला या मासिकाचा कागद महाग पडेल.

खरं दुखणं दोन्ही पंथांना सारखंच आहे: चेहरा. 'हेड-ऑन मिळाला का?' हा आज गेटवर भेटलेल्या माणसाला विचारायचा पहिला प्रश्न. वाघ समोरून, सरळ लेन्सकडे चालत यायला हवा. तो तसा कधी येतो? त्याच्या वाटेवर तुम्ही उभे असता तेव्हा. म्हणजे हेड-ऑन चित्र हे बहुतेक वेळा रस्ता अडवल्याची पावती असतं. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात गोठणगाव भागात एफ-२ वाघीण आणि तिची पाच पिल्लं दोन्ही बाजूंनी जिप्सींच्या मध्ये सापडली. व्हिडिओ फिरला, चालक-गाइडांवर कारवाई झाली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. रोजंदारीवर गाडी हाकणारा पोरगा निलंबित होतो. मागच्या सीटवरून 'भाऊ, थोडी पुढे घे, चेहरा येत नाहीये' म्हणणारा निलंबित होत नाही. त्याचं प्रदर्शन भरतं.

त्या चेहऱ्यात पुढे 'वेदना' शोधतात. 'डोळ्यांत किती एकाकीपण आहे बघा,' असं एका प्रदर्शनात मला एका सद्गृहस्थांनी कौतुकाने दाखवलं. मी वाकून पाहिलं. डोळ्यांतल्या पांढऱ्या ठिपक्याखाली जिप्सींची रांग उमटली होती. वाघ एकाकी नव्हता, त्याला एकाकी होऊ देत नव्हते. पण रंग काढला की कुठलाही चेहरा दुःखी दिसतो, आणि आपल्याला दुःखी चेहरा भिंतीवर टांगायची सवय आहे. बैठकीच्या खोलीत चंदनाचा हार घातलेल्या आजोबांच्या तसबिरीशेजारी हा वाघ लावला, तर येणारा-जाणारा दोघांनाही हात जोडेल. जिवंत, माजावर आलेल्या, कालच सांबर मारलेल्या जनावराला वाहिलेली ही श्रद्धांजली त्याला विचारून नव्हती.

आणि चंद्रपूरच्या वाघामागे खरोखर काय असतं ते पडद्याआड जाऊ नये, म्हणून तर माझा एवढा जीव तुटतो. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राच्या आवारात वाघ फिरतात. दुर्गापूरच्या कोळसा खाणींभोवती बिबटे आहेत. बफरमधल्या वाघाच्या मागे धानाचा बांध असतो, झटका मशीनच्या कुंपणाची तार असते, तेंदूपत्त्याच्या हंगामात पहाटे पानं तोडायला निघालेल्या बायका असतात. त्यांतल्या काही घरी परत येत नाहीत, हे दर उन्हाळ्यात जिल्ह्याच्या पानावर छापून येतं. चिमणीच्या धुराचा पिवळट थर, तारेवरची लाल चिंधी, त्या बायकांची हिरवी-जांभळी लुगडी. या रंगांत वाघ पाहिला तर प्रश्न पडतात. मास्क लावून सगळं काळं केलं की प्रश्नही काळे.

हे जमवता येतं, हेही दिसलेलं आहे. मुंबईच्या नयन खानोलकरांनी आरेच्या वारली पाड्यातल्या बोळातून जाणारा बिबट्या टिपला, आणि २०१६ मध्ये त्याच लंडनच्या स्पर्धेचं शहरी विभागाचं बक्षीस घेतलं. चेहरा फ्रेमभर नाही. भिंती आहेत, घरांपाशी पडलेला उजेड आहे, आणि त्यातून आपल्या कामाला निघालेलं जनावर आहे. ते चित्र करडं करून बघा. उजेडाचा माणूसपणा गेला की उरते ती नुसती मांजर.

काळं-पांढरं करायचंच असेल तर गव्यापाशी जा. प्रौढ नर गवा म्हणजे निसर्गाने स्वतः केलेलं काळं-पांढरं काम आहे: जवळजवळ काळं अंग, गुडघ्याखाली पांढरे मोजे, कपाळावर राखी पट्टा, खांद्यावरच्या उंचवट्यावरून घसरणारी चकाकी. तिथे रंग काढून काही हरवत नाही, आणि काढणाऱ्याचा कस लागतो. काळं जनावर दिसलं की कॅमेऱ्याचा मीटर त्याला उगाच राखाडी करू बघतो, त्याला आवरून काळ्यातले दहा काळे वेगळे ठेवावे लागतात. ओल्या नाकपुडीचा काळा, शिंगाच्या टोकाचा, मानेखाली लोंबणाऱ्या पोळीच्या घडीतला. अस्वलाच्या झुलपांचंही तेच. वानराच्या काळ्या तोंडाभोवतीच्या रुपेरी केसांचंही तेच. गवा आणि वानर तर ताडोबात वाघापेक्षा कितीतरी सहज भेटतात. पण गवा रस्त्यात उभा राहिला की मागच्या जिप्सीतून हॉर्न दिल्यासारखा आवाज येतो: 'चला हो, वाघाचं बघा.' ज्यांना काळ्या-पांढऱ्यावर जीव ओवाळून टाकायचाय, त्यांना समोर उभा असलेला सहाशे-आठशे किलोंचा काळा-पांढरा दिसत नाही. तेव्हा यांचं प्रेम कशावर आहे हे मला कुणी समजावू नये.

'कलाकाराला स्वातंत्र्य असतं' हे उत्तर मला ठाऊक आहे. असतं ना. व्यंकटेश माडगूळकरांनी शाईच्या रेषेने रान आणि जनावरं काढली, त्यांना रंगाचा हिशेब कुणी मागितला नाही, कारण रेघ 'मी इथे उभी होते' असा दावा करत नाही. छायाचित्र तोच दावा करून किंमत वसूल करतं. पंचवीस हजारांच्या प्रिंटखाली तुम्ही 'कल्पनाचित्र' असं लिहीत नाही, 'ताडोबा' असं लिहिता. ताडोबा विकायचा असेल तर ताडोबा दाखवा.

तेव्हा येत्या हिवाळ्यातल्या प्रदर्शनांच्या आयोजकांना आगाऊ कळवून ठेवतो. मी येणार. प्रत्येक करड्या वाघापुढे उभा राहून मूळ रंगीत फाइल मागणार, महिना आणि वेळ विचारणार, फ्रेमबाहेर किती गाड्या होत्या तेही विचारणार. पाहुण्यांसमोर विचारणार. दीपप्रज्वलनाला बोलावलं तर आधी विचारीन आणि मग वात पेटवीन.